बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) इंजिन-हेडमध्ये तुटलेला स्टड वेल्डिंगने कसा काढावा

ट्रॅक्टरचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर गोळा करणारा नळ) खोलताना स्टड, म्हणजे हेडमध्ये बसवलेला बिनडोक्याचा बोल्ट, तुटतो, तो बहुधा दोन टोकांपैकी एका टोकाचा. मॅनिफोल्ड तापला की लांबीला वाढतो आणि त्याचा ओढा टोकाच्या स्टडांवर येतो. त्यात रोजच्या तापण्या-निवण्याने आट्यांमध्ये गंज घट्ट बसलेला असतो. पाना लावला की नट सुटायच्या ऐवजी स्टडच पिळला जाऊन तुटतो. मग बरेच जण आधी ड्रिल आणि इझी-आउट (ड्रिलच्या भोकात उलटे फिरवून तुटका स्टड काढायचे हत्यार) घेतात. जाम स्टडसाठी हा मार्ग शेवटी ठेवावा. इझी-आउट कडक आणि ठिसूळ असतो. तो भोकात तुटला तर साधे ड्रिल त्याला कापत नाही. शिवाय ड्रिल करून पोकळ झालेल्या स्टडवर पुढे वेल्डिंग केले, तर उरलेली पातळ भिंत वितळते आणि आर्क (रॉडच्या टोकाची विजेची ज्योत) थेट हेडच्या आट्यांना लागतो.

वेल्डिंगच्या पद्धतीत तुटलेल्या स्टडवर नट वेल्ड करून तो पान्याने फिरवतात. पण नट हा फक्त पाना लावायला. स्टड मोकळा करते ती उष्णता. १० मिमीचा स्टड ५०० अंशांनी तापला तर त्याचा व्यास साधारण ०.०६ मिमीने वाढू पाहतो. भोवतीचे बीड तुलनेने थंड असते, ते त्याला वाढू देत नाही. लालभडक पोलाद मऊ असल्याने तिथल्या तिथे दबते आणि निवताना आधीपेक्षा किंचित बारीक होते. तेवढ्या फटीने गंजाची पकड तुटते. म्हणूनच नट चिकटवल्या चिकटवल्या पाना ओढणाऱ्याचा स्टड पुन्हा तुटतो, आणि दोन मिनिटे थांबणाऱ्याचा निघतो.

तयारी

आदल्या रात्री स्टडच्या मुळाशी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी वायर ब्रशने आणि ग्राइंडरने तुटलेले तोंड चकचकीत करा, तेल पुसून काढा. पुसायला क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर कधीही वापरू नका. त्याचा अंश राहून आर्कच्या उष्णतेत आला तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, अल्टरनेटरची जोडणी सोडवा. डिझेलचे पाइप बाजूला घ्या किंवा ओल्या गोणपाटाने झाका. एक्झॉस्ट पोर्टवर (हेडमधून धूर बाहेर पडतो त्या तोंडावर) पत्रा लावा, नाहीतर ठिणग्यांचे गोळे आत जाऊन व्हॉल्व्हच्या सीटवर बसतात. अर्थिंगचा चिमटा हेडवरच, स्टडच्या जवळ, घासून साफ केलेल्या जागी लावा. तो चासीला लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंग खराब करतो.

नट स्टडपेक्षा एक माप मोठा घ्या: एम८ (८ मिमी) स्टडला एम१० चा, एम१० स्टडला एम१२ चा. मोठ्या भोकातून रॉड तळापर्यंत पोचतो. स्टडच्याच मापाचा नट घेतला तर वेल्ड वरच्या वर राहतो. नट काळा असावा. झिंक चढवलेल्या नटाचा पांढरा धूर छातीला बाधतो, तापही आणतो, आणि वेल्डमध्ये भोके पडतात. काळा नट नसेल तर झिंक आधी घासून काढा आणि धूर अंगावर येणार नाही अशा, वारा येतो त्या बाजूला उभे राहा.

साध्या इन्व्हर्टर मशीनवर २.५ मिमीचा, म्हणजे १२ गेजचा, ई६०१३ रॉड चालतो. होल्डर पॉझिटिव्हला, करंट ८० ते ९० अँपिअर, काच १० नंबरची. सपाट पत्र्याला लावतो त्यापेक्षा करंट थोडा चढाच ठेवा, कारण इथे खोलवर पकड हवी. ८.८ किंवा त्यावरच्या ग्रेडच्या मजबूत स्टडला कोरडा ई७०१८ किंवा स्टेनलेसचा ई३०९एल अधिक चांगला. साध्या रॉडचा वेल्ड तिथे निवताना तडकू शकतो.

वेल्ड मारणे

स्टड ५ मिमी किंवा जास्त बाहेर असेल तर नट थेट त्यावर बसवा. पृष्ठभागाला सपाट तुटला असेल तर आधी वायसर लावा, आणि त्याचे भोक स्टडपेक्षा लहान असू द्या: १० मिमीच्या स्टडला ८ च्या बोल्टचा वायसर. त्यामुळे स्टडची कड आणि बीड झाकले जाते. वायसर स्टडला जोडा, खपली (वेल्डवरचा स्लॅग) झाडा, मग वर नट ठेवून तो वायसरला आणि स्टडला एकत्र जोडा.

आर्क स्टडच्या मधोमध पेटवा. आधी स्टड वितळू द्या, तळाशी चमकणारा रस दिसला की रॉड गोल फिरवत नटाच्या भिंतीकडे या आणि भोक वरपर्यंत भरा. नटापासून सुरुवात केली तर नट पटकन वितळतो, स्टड थंडच राहतो आणि पाना लावताच नट वेल्डसकट निघून येतो. तसे झाले तरी हताश होऊ नका. स्टड एकदा तापला, गंज थोडा सैल झाला. घासून दुसरा नट लावा. तीन-चार नट लागणे नेहमीचेच आहे.

आर्क बिडाच्या भिंतीला लागू देऊ नका. बीड वितळून पटकन निवले की काचेसारखे कडक होते आणि पुढे टॅप (भोकात आटे पाडायचे हत्यार) किंवा ड्रिल तिथे चालत नाही.

भोकात ४-५ मिमी खाली तुटलेल्या स्टडवर रॉडने थेंब-थेंब भर चढवावी लागते. प्रत्येक थेंबानंतर थांबा, खपली टोकदार सळीने काढा, फुंकून साफ करा. खपली राहिली तर पुढचा थेंब तिच्यावर नुसता बसतो, जुळत नाही. भर पृष्ठभागाच्या वर २ मिमी आली की वायसर आणि नट. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये पोलाद त्या भिंतीला जुळत नाही, हा फायदा. पण ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, म्हणून एका वेळी दोन-तीन सेकंदच आर्क.

फिरवणे

लाली पूर्ण जाऊ द्या. पाणी ओतू नका, बीड तडकते. एक-दोन मिनिटांनी स्टडच्या मुळाशी मेणबत्ती टेकवा. मेण पेटले किंवा नुसता धूर झाला तर अजून गरम आहे. शांत वितळून आट्यांत शोषले गेले की वेळ आली. मेण दोन-तीनदा द्या.

नटाच्या मापाचा (एम१२ ला १९ चा) रिंग पाना घ्या, उघड्या तोंडाचा नको. पहिला दाब घट्ट करण्याच्या दिशेने, अगदी थोडा. मग उलटा, मग पुन्हा सुलटा. पान्याखाली बारीक ‘कट्’ असा हिसका जाणवला की पकड सुटली. त्यानंतर पाव आटा मागे, थोडा पुढे, तेलाचा थेंब, असे करत बाहेर काढा. मुळाशी लालसर गंजाची पूड येते, ती फुंकत राहा. मध्येच जड झाला तर जोर लावू नका, परत आत फिरवून तेल द्या. पाना मऊ, रबरासारखा लागतो आणि स्टडचे मूळ हलत नाही, तेव्हा स्टड पिळला जात आहे. थांबा आणि पुन्हा तापवा.

नवा स्टड बसवण्यापूर्वी

भोकात टॅप फिरवण्याआधी शेजारच्या चांगल्या स्टडवर पिच गेज (आट्यांतले अंतर मोजायची पट्टी) लावा. एम१० मध्ये १.५ आणि १.२५ असे दोन्ही आटे सापडतात आणि चुकीचा टॅप भोकच घालवतो. स्टडला तांब्याचे ग्रीस लावून तो हाताने शेवटपर्यंत बसवा. मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी धरून तिच्याखाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घाला. तोंड वाकलेले असेल तर लेथवाल्याकडून सपाट करून घ्या, नाहीतर टोकाचा तोच स्टड पुन्हा तुटेल. नट मधून टोकाकडे आवळा, टॉर्क मॅन्युअलप्रमाणे. इंजिन एकदा पूर्ण तापवून निवू द्या आणि त्याच क्रमाने नट पुन्हा तपासा.