पडल्यानंतर पुन्हा मांड बसवताना

घोड्यावरून पडल्यावर किंवा घोडा एकदा उधळल्यावर भीती आधी शरीरात शिरते. श्वास अडकतो, कंबर ताठते, गुडघे खोगिराला आवळले जातात, टाचा वर येतात, धड पुढे झुकतं आणि लगाम आखडतो. म्हणजे पाय घोड्याला ‘चल’ म्हणतात आणि हात ‘थांब’. तो गोंधळून मान उडवतो, पावलं भरभर टाकतो, आणि स्वाराला वाटतं की घोडा बिथरलाच. ‘घाबरू नकोस’ असं सांगून यातलं काहीच सुटत नाही. घोडा आपल्या सांगण्यावर थांबतो हे शरीराला पटावं लागतं.

आधी घोडा तपासा. तंग (खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा) आवळताना कान मागे टाकत असेल, चावायला येत असेल, तर पाठ, दात आणि खोगिराचं माप बघून घ्या. दाणा भरपूर आणि मोकळं फिरणं कमी असेल तर शांत घोडाही तडतडा होतो. घोडा खरोखरच आपल्याला झेपत नसेल तर काही महिने वयस्क, सरावलेला घोडा घ्या. यात कमीपणा काहीच नाही.

बसण्याआधी दहा मिनिटं जमिनीवर काम करा: म्होरकी (घोड्याच्या तोंडावर बांधलेली दोरी) धरून चालवा, थांबवा, दोन पावलं मागे घ्या, मागचा भाग बाजूला सरकवा. तुम्ही थांबल्यावर तो थांबत नसेल तर त्या दिवशी वर बसू नका. बसताना चढायचा ठोकळा वापरा आणि कुणालातरी घोडा धरायला सांगा. थोडं चालल्यावर तंग सैल पडतो, तो पुन्हा तपासा. घोड्याच्या गळ्यात रिकिबीचा (पाय ठेवायच्या कडीचा) जुना पट्टा बांधून ठेवा. तोल गेला की हात त्या पट्ट्याला जावा, लगामाला नाही. म्हणजे घोड्याच्या तोंडाला हिसका बसत नाही.

आता थांबण्याचा सराव. यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या. साध्या चालीत तोंडाने श्वास सोडा, बैठक जड करा, कंबरेची हालचाल थांबवा आणि मगच लगामावर बोटं मिटा. घोडा थांबला की बोटं लगेच सैल करा. तिथे चूक हमखास होते: घोडा थांबल्यावरही लगाम ओढलेलाच राहतो, मग पुढच्या वेळी तो तोंड वर करून पळ काढतो. सहा पावलं चाला, थांबा, पुन्हा चाला. दोन्ही दिशांना दहा-दहा वेळा. चार पावलं श्वास आत घ्या, सहा पावलं बाहेर सोडा आणि सोडताना पावलं मोठ्याने मोजा. मोठ्याने बोलताना श्वास कोंडून धरता येत नाही.

एका लगामाने मान वळवून मागचे पाय आडवे टाकायला लावणं हा आणीबाणीचा उपाय. तो प्रशिक्षकासोबत आधी उभ्या घोड्यावर, मग चालीत शिका. भरधाव घोड्याची मान अशी एकदम वळवू नका, तो तोल जाऊन कोसळू शकतो.

भीतीला शून्य ते दहा असा आकडा द्या. तीन-चारवर सराव करा, पाचला एक पायरी खाली या, सातला उतरा. दुडकी सहा-आठ पावलांपुरतीच, मग चाल. एका वेळी एकच गोष्ट वाढवा: वेग, जागा किंवा घोडा. दुडकी जमली म्हणून त्याच दिवशी रानात नेणं, इथेच बहुतेकांचं पुन्हा बिनसतं. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा तीनदा अर्धा-अर्धा तास बसा.

बाहेर पहिल्यांदा जाताना शांत घोड्याची सोबत घ्या, वारा सुटलेला दिवस टाळा, वीस मिनिटांत परत फिरा आणि घराकडची वाट चालीतच काढा. घोडा एखाद्या वस्तूला बुजला तर तिच्याकडे टक लावू नका, पुढे जायचंय तिथे बघा. त्याचं नाक जबरदस्तीने तिच्याकडे नेऊ नका.

पडताना डोकं आदळलं असेल तर हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदला. आतला फोम एकदा दबला की धक्का झेलत नाही. झोप उडत असेल, अपघात सारखा डोळ्यांसमोर येत असेल तर समुपदेशकाची मदत घ्या.

कँटर (दुडकीपेक्षा वेगवान, उड्यांची धाव) सगळ्यात शेवटी: बंदिस्त रिंगणात, प्रशिक्षकाच्या लांब दोरावर, एक हात गळ्यातल्या पट्ट्यात अडकवून, पाच-सहा उड्यांपुरता. त्यानंतर घोडा चालीत येऊन मान खाली सोडेपर्यंत दुसऱ्यांदा कँटर मागू नका.