चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजी शब्द येतात, पण वाचता येतं का? हे कसं तपासाल

चिनी भाषिकांना इंग्रजी शिकवणारे मराठी शिक्षक मला अधूनमधून भेटतात. कुणी सिंगापूरला असतं, कुणी चीनमधल्या विद्यापीठात, तर कुणी कोथरूडमध्ये बसून ऑनलाइन तास घेतं. (जुलै २०२१ मध्ये चीनने शाळकरी मुलांच्या खासगी शिकवण्यांवर निर्बंध आणले आणि परदेशात बसलेल्या शिक्षकांना त्यातून बाहेर काढलं. त्यामुळे ऑनलाइनवाल्यांकडे आता मुख्यतः कॉलेजची मुलं आणि नोकरदार येतात.) तक्रार सगळ्यांची सारखीच असते: शब्द हजारोंनी पाठ आहेत, पण साधी ईमेल वाचून भलताच अर्थ काढतात. त्यावर कुणीतरी सल्ला देतं, 'गाओकाओची, म्हणजे चीनमधल्या कॉलेज-प्रवेश परीक्षेची, जुनी प्रश्नपत्रिका सोडवायला द्या, लगेच पातळी कळेल.' काहीही कळत नाही. ती प्रश्नपत्रिका त्या मुलाने आधीच तीनदा सोडवलेली असते. जुने पेपर घासत बसण्याला तिकडे 'श्वाती' म्हणतात, आणि त्यात ही मुलं आपल्या दहावीच्या गाइडवाल्यांना मागे टाकतील.

शब्द येणं आणि वाचता येणं या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या, पण दोन्ही मापं एकमेकांना बांधून ठेवायची. नाहीतर मूल चुकलं कुठे हे कधीच सापडत नाही.

शब्दांची परीक्षा स्वतः बनवू नका

पॉल नेशन आणि डेव्हिड बेगलर या भाषा-संशोधकांची २००७ ची शब्दसंख्या चाचणी फुकट मिळते. १४० प्रश्न, वापराच्या क्रमाने लावलेल्या दर हजार शब्दकुळांमागे (एक शब्द आणि त्यापासून झालेली रूपं मिळून एक कूळ) १०, आणि बरोबर उत्तरांना १०० ने गुणलं की अंदाजे शब्दसंख्या. चिनी पर्याय दिलेली आवृत्तीही आहे. पातळी कमी असेल तर वेब, ससाओ आणि बॅलन्स यांची २०१७ ची स्तर-चाचणी घ्या. तिच्यात पहिल्या पाच हजार शब्दांचे पाच स्तर आहेत आणि प्रत्येक स्तराला ३० प्रश्न. एवढं तयार असताना घरी यादी करत बसण्यात अर्थ नाही.

मराठी शिक्षकाने यादी केली की हमखास एक घोटाळा होतो. आपल्या मुलांना टेन्शन, अ‍ॅडजस्ट, फॉर्म, स्टेशन, कॅन्सल हे शब्द इंग्रजीच्या तासाआधीच घरातून मिळालेले असतात. चिनी भाषेने असे शब्द फारसे घेतलेले नाहीत, ती स्वतःचे जोडशब्द घडवते. सोफा, कॉफी, चॉकलेट, लॉजिक असे मोजकेच शब्द आवाजासकट गेले आहेत, आणि चिनी पर्याय देणार असाल तर ते विचारूच नका, उत्तर कानालाच कळतं. म्हणजे आपल्याला 'सोपे' वाटणारे शब्द त्यांना सोपे असतीलच असं नाही, आणि 'अबॅन्डन'सारखा शब्द मात्र सगळ्यांना येतो. पाठांतराच्या याद्यांमध्ये तो बऱ्याचदा पहिला असतो. पहिलाच शब्द 'सोडून देणे', म्हणून तिथेच अभ्यास सोडला, हा चिनी कॉलेजांमधला जुना विनोद आहे.

चिनी पर्याय छापणार असाल तर विद्यार्थी कुठला हे आधी विचारा. मुख्य भूमीवर सोपी केलेली लिपी चालते, तैवान आणि हाँगकाँगमध्ये जुनी. शब्दही फिरतात: 'तूदोउ' म्हणजे बीजिंगमध्ये बटाटा आणि तैवानमध्ये शेंगदाणा.

'येत नसेल तर सोडून द्या' असं सांगून उपयोग नाही. या मुलांना रिकामी जागा ठेवणं शिकवलेलंच नसतं. चार पर्यायांत नुसत्या अंदाजाने चौथा हिस्सा बरोबर येतो, तेव्हा वरच्या स्तरांवरचे गुण पाहून हुरळून जाऊ नका.

उतारा

नवीन लिहा किंवा कुठल्या तरी साध्या माहितीपत्रकातून बेता. लांबी ३०० शब्दांच्या आसपास. तो लॉरेन्स अँथनींच्या अँटवर्डप्रोफायलरमधून काढा, मजकुरातले शब्द वापराच्या कुठल्या स्तरातले आहेत हे दाखवणारं हे सॉफ्टवेअर मोफत आहे. मदतीशिवाय समजून वाचायला मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, असं हू आणि नेशन यांनी २००० साली मांडलं. म्हणजे तीनशेत सहा अनोळखी शब्द. पंधरा झाले की तुम्ही वाचन मोजत नाही, पुन्हा शब्दच मोजता. विषय कोरडा ठेवा. क्रिकेटवरचा उतारा दिलात तर क्रिकेटचं ज्ञान तपासाल, चिनी नववर्षावरचा दिलात तर न वाचताच उत्तरं येतील.

प्रश्न काढणं: इथेच सगळं अडतं

इतर पायऱ्या एका दुपारी उरकतात. प्रश्नांनी मात्र मला फार छळलं आहे, आणि आजही दहा प्रश्न काढले तर चार फेकावे लागतात.

अडचण अशी की चिनी विद्यार्थी उतारा वाचत नाही, तो प्रश्न वाचतो. शाळेपासून त्याला 'दिंगवेइ' शिकवलेलं असतं: प्रश्नातला ठळक शब्द पकडायचा, उताऱ्यात तो शब्द असलेली ओळ शोधायची, आणि त्या ओळीशी जुळणाऱ्या पर्यायावर खूण करायची. यात मुलाचा दोष नाही. चीनमधल्या कॉलेज इंग्रजी परीक्षेच्या चौथ्या पातळीत वाचनाच्या भागात ४० मिनिटांत तीस प्रश्न उरकायचे असतात, तिथे हीच युक्ती तगवते. पण तुमच्या प्रश्नातले शब्द उताऱ्यातले असतील तर तुम्ही फक्त नजरेची चपळाई तपासता. मुलाला दहापैकी नऊ पडतात आणि उतारा कशाबद्दल होता हे त्याला सांगता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. उताऱ्याचा आशय असा: एका वाचनालयाने पुस्तकं परत करायची पेटी दाराच्या आतून काढून फुटपाथवर ठेवली, म्हणजे बंद झाल्यावरही पुस्तकं टाकता येतील. महिन्याभरात बहुतेक पुस्तकं वेळेवर येऊ लागली. दंडाची रक्कम घटली. वाचनकक्षासाठी नव्या खुर्च्या घ्यायचं ठरलं होतं, ते पुढे ढकललं.

वाईट प्रश्न: 'पेटी कुठे हलवली?' पेटी शोधली, फुटपाथ दिसला, गुण मिळाला.

चांगला प्रश्न: 'वाचकांना जुन्याच खुर्च्यांवर का बसावं लागलं?' इथे खुर्ची शोधून शेवटची ओळ सापडते, पण उत्तर त्या ओळीत नाही. खुर्च्यांवरून पैशांकडे, पैशांवरून दंडाकडे आणि दंडावरून पेटीकडे, अशी तीन वाक्यं उलटी चालत जावी लागतात.

आता पर्याय. बरोबर पर्यायात उताऱ्यातला एकही महत्त्वाचा शब्द नको: 'उशीर करणारे कमी झाले म्हणून.' पहिला चुकीचा पर्याय उताऱ्यातल्या शब्दांनी खच्चून भरा, फक्त नातं खोटं ठेवा: 'पेटी फुटपाथवर हलवण्यात खुर्च्यांचे पैसे खर्च झाले.' दिंगवेइवाला त्यावरच झडप घालतो. दुसरा असा, जो जगाच्या अनुभवाने खरा वाटेल पण मजकुरात नसेल: 'सरकारी अनुदान कमी झालं.' तिसऱ्यात कार्यकारण उलटं: 'दंड वाढल्यामुळे लोक येईनासे झाले.' कुणी कुठला चुकीचा पर्याय निवडला यावरून तुम्हाला रोग कळतो. चारही पर्याय साधारण एका लांबीचे ठेवा. सगळ्यात लांब पर्याय बहुधा बरोबर असतो, हे या मुलांना तुमच्याआधी ठाऊक असतं.

आणखी एक प्रश्न वाक्यरचनेवर हवाच. चिनी भाषेत विशेषण-वाक्य नामाच्या आधी येतं, आपल्या 'कुत्रा चावलेला माणूस'सारखं. इंग्रजीत ते नामाच्या मागे लोंबतं आणि वाक्याचं क्रियापद पार पलीकडे जातं. 'वाचनालयाने गेल्या वर्षी नेमलेल्या बाईंनी सुचवलेली पेटी' हे इंग्रजीत घाला आणि विचारा, पेटी कुणाची कल्पना? चांगली चांगली मुलं 'वाचनालयाची' म्हणतात. काळाचंही तसंच. चिनी क्रियापद काळाप्रमाणे रूप बदलत नाही, म्हणून 'आधी काय घडलं' हे फक्त क्रियापदावरून ठरेल असा एक प्रश्न ठेवा. त्या वाक्यात आधी-नंतर सांगणारा शब्द ठेवलात तर प्रश्न वाया गेला.

दिलेल्या शब्दांतून गाळलेल्या जागा भरायच्या असतील तर सगळे शब्द एकाच जातीचे द्या. नामं, क्रियापदं, विशेषणं मिसळलीत तर मुलं आधी शब्दांचे गठ्ठे करतात आणि अर्थाला हात न लावता अर्धं काम उरकतात.

तयार झालेले प्रश्न उताऱ्याशिवाय तीन-चार इंग्रजी येणाऱ्यांना सोडवायला लावा. दहापैकी दोन-तीन बरोबर आले तर ठीक, तो नशिबाचा वाटा. सहा आले तर प्रश्न स्वतःच उत्तर सांगताहेत. ही पायरी जवळपास सगळेच टाळतात. टाळू नका.

दोन्ही मापं बांधायची कशी

वाचनालयाच्या उताऱ्यात दंडाला 'फाइन' हा शब्द आहे. प्रत्येक चिनी मुलाला तो येतो, कारण 'हाउ आर यू'ला 'आय अ‍ॅम फाइन, थँक यू, अँड यू?' हे उत्तर घोकूनच इंग्रजी सुरू होतं. दंड हा अर्थ मात्र अनेकांच्या गावीही नसतो. अशा ओळखीच्या शब्दाच्या अनोळखी अर्थाला तिकडचे शिक्षक 'शूत्स शंगयी' म्हणतात. नेहमीच्या शब्द-चाचणीत हे शब्द सुटतात. मुलाने 'अ‍ॅड्रेस'पुढे पत्ता लिहिला की गुण देऊन आपण मोकळे, आणि 'अ‍ॅड्रेस द प्रॉब्लेम' दिसलं की तो पत्ता शोधत बसतो.

म्हणून उताऱ्यातले आठ-दहा कळीचे शब्द, उताऱ्यातल्याच अर्थाने पण वेगळ्या छोट्या वाक्यात घालून, स्वतंत्र विचारा. एवढी यादी मात्र तुमची तुम्हालाच करावी लागेल, ती तयार मिळत नाही. आधी उतारा, तो गोळा करायचा, मग शब्द. उलट क्रमाने आदल्या दिवशी शब्द दिलेत तर संध्याकाळी सगळे शब्द अ‍ॅपमध्ये शोधून झालेले असतात. उताऱ्यातून अंदाजाने अर्थ लावून कुणी शब्दाला बरोबर खूण केली, तर करू द्या, तेही वाचनच आहे.

मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. 'फाइन' चुकला आणि खुर्च्यांचा प्रश्नही चुकला, तर शब्द शिकवा. 'फाइन' बरोबर आणि खुर्च्या चुकल्या, तर वाक्यामागून वाक्य जोडायला शिकवा, आणखी शब्द देऊ नका. शब्द चुकले आणि उतारा सगळा बरोबर, तर प्रश्नपत्रिका फुटली आहे का ते बघा.

चिनी वाचता येणारा सहकारी असेल तर शेवटी पाच मिनिटं आणखी घ्या: उतारा काढून घ्यायचा आणि काय वाचलं ते चिनीत लिहायला सांगायचं. इंग्रजी लिहिण्याची भीती मध्ये येत नाही, म्हणून यासारखी खरी तपासणी दुसरी नाही. उताऱ्याचे पंधरा-वीस मुद्दे आधी पाडून ठेवा आणि त्यांवर गुण द्या, भाषेवर नाही.

पेपर परत देताना प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे तो का चूक याचं एक वाक्य लिहून तयार ठेवा. 'प्रमाण उत्तर कुठलं?' हे लगेच विचारलं जाईल, आणि मागच्या बाकावरचा कुणीतरी अनुदानाचा पर्यायही कसा बरोबर ठरतो हे पटवायला फळ्यापाशी येईल. त्याला उताऱ्यातली ओळ दाखवायला सांगा.