देवाशी भांडणारी एकांकिका कशी लिहावी

धर्मावर विडंबन लिहू पाहणारे सोलापुरातले तरुण लेखक बहुतेकदा "यावर कोणी तक्रार तर करणार नाही ना?" या प्रश्नापासून सुरुवात करतात. प्रश्न योग्य आहे, पण तो नंतरचा आहे. त्याआधी कागदावर एकच वाक्य लिहून काढावे: या नाटकात कोण कोणाला फसवत आहे? उत्तर "देव माणसांना फसवतो" किंवा "श्रद्धाळू लोक मूर्ख असतात" असे आले, तर विषय अजून हाती लागलेला नाही असे समजावे, कारण त्यातून फार तर चिडलेले भाषण तयार होते आणि भाषणाला पात्रे लागत नाहीत. "नवस बोलणारा स्वतःलाच फसवतो आहे" किंवा "सत्कर्म करणाऱ्याला त्या सत्कर्माचाच अहंकार चढला आहे" असे उत्तर आले, तर लिहायला बसण्यास हरकत नाही.

हे दुसरे उत्तर सोलापूरला नवीन नाही. सोलापूरचे संत सिद्धरामेश्वर यांनी बाराव्या शतकात येथे तलाव खोदवला, देवालये उभारली आणि लोकोपयोगी कामांचा डोंगर उभा केला. वीरशैव परंपरेत अशी कथा सांगतात की त्याच परंपरेतले संत अल्लमप्रभू सोन्नलगीला, म्हणजे आजच्या सोलापुरात आले आणि खोदकाम चालू असलेल्या ठिकाणी उभे राहून त्यांनी सिद्धरामांचा उल्लेख दगडमाती उपसणारा वड्डर असा केला. शिष्यांना तो गुरूचा घोर अपमान वाटला आणि त्यांनी अल्लमप्रभूंवर दगड फेकले. सिद्धराम मात्र पुढे आले, त्यांनी बोलणे ऐकून घेतले आणि अखेरीस ते अल्लमप्रभूंबरोबर कल्याणला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला गेले. विडंबन शिकायला मला याहून चांगला धडा माहीत नाही. अल्लमप्रभूंनी पापावर बोट ठेवले नाही, पुण्यावर ठेवले. तलाव चांगलाच होता, त्याचे पाणी लोक पीत होते. प्रश्न इतकाच होता की तो खोदणाऱ्याच्या मनात देव उरला आहे की केवळ काम. शिवाय निंदा ऐकून दगड उचलणारे शिष्य आणि निंदा ऐकून विचारात पडलेला गुरू एकाच प्रसंगात समोरासमोर येतात, आणि भक्ती कोणाची खरी हे कथेला वेगळे सांगावे लागत नाही.

लेखनाआधी अशा जुन्या नमुन्यांची रचना उलगडून पाहावी. त्यांतल्या ओळी उचलण्याचे कारण नाही. मंगळवेढ्याशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या बसवेश्वरांचे एक प्रसिद्ध वचन आहे: दगडाचा नाग दिसला की लोक त्याला दूध घालतात आणि जिवंत नाग दिसला की मारा म्हणतात, जेवू शकणारा जंगम, म्हणजे फिरता शिवभक्त साधू, दारी आला की त्याला पुढे जा म्हणतात आणि न जेवणाऱ्या लिंगापुढे नैवेद्य ठेवतात. यात शिवी नाही, उपहासाचे विशेषण नाही. एकाच माणसाच्या दोन कृती शेजारी ठेवल्या आहेत आणि बाकीचे काम ऐकणाऱ्यावर सोपवले आहे. एकनाथांच्या रोडग्याच्या भारुडात युक्ती वेगळी आहे. तेथे नवस बोलणारी स्त्री स्वतःच बोलते, भवानीकडे सासरच्या एकेका माणसाचा काटा काढण्याची मागणी करत जाते आणि शेवटी आपण एकटीच उरावे असे म्हणते. हसणारा प्रेक्षक तिच्या यादीबरोबर पुढे सरकतो आणि शेवटच्या मागणीपाशी पोचेपर्यंत आपणही मनातल्या मनात अशीच यादी केव्हा तरी केली आहे हे त्याला आठवते. जनाबाईंनी विठोबाला जे सुनावले ते आज कोणी नवख्याने रंगमंचावर म्हटले तर सभागृहात गडबड होईल, पण वारकरी ते टाळ वाजवत गातात. त्याचे कारण उघड आहे: ज्या देवाबरोबर दळण-कांडण केले त्याच्याशी भांडण्याचा जनाबाईंना हक्क होता.

हा हक्क धार्मिक विडंबनाचा कणा आहे. देवाला बोल लावणारे वाक्य नाटकात ज्याच्या तोंडी घालायचे, त्याने त्या देवासाठी काही सोसलेले असले पाहिजे, आणि ते सोसणे प्रेक्षकाने आधी डोळ्यांनी पाहिलेले असले पाहिजे. तेच वाक्य टवाळ, सुशिक्षित, बाहेरून आलेल्या पात्राच्या तोंडी दिले की ते लेखकाचे मत होऊन बसते आणि प्रेक्षक पात्राऐवजी लेखकाशी भांडू लागतो.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे वळू. समजा, कुंभारीच्या विडी घरकुलासारख्या, शहराबाहेर मोकळ्या माळाला लागून असलेल्या वसाहतीत विडी वळणारी एक आई राहते. हजार विड्यांमागे ठरलेली मजुरी, मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पाने आणि तंबाखू, समोर देव्हाऱ्यात दिवा. रात्री तिच्या मुलाला साप चावतो. वसाहतीत एक महाराज आहेत. ते दोरा बांधतात, अंगारा देतात आणि रोज दुपारी शाळेतून आलेल्या पन्नासेक मुलांना स्वतःच्या खर्चाने जेवू घालतात. पहिल्या खर्ड्यात बहुतेक लेखक या महाराजांकडून "अज्ञानी लोकहो, तुमच्या भीतीवरच माझे पोट चालते!" अशा थाटाचे स्वगत म्हणवून घेतात. असे बोलणारा भोंदू मी कोठे पाहिलेला नाही, आणि प्रेक्षकांनीही पाहिलेला नसतो. तो महाराज प्रेक्षकांच्या ओळखीचा वाटत नाही, म्हणून त्याच्यावर हसणे फुकटचे ठरते. तोच प्रसंग पुढीलप्रमाणे लिहून पाहावा. महाराज दोरा बांधतात, पहाटेपर्यंत मुलाला हलवायचे नाही असे सांगतात आणि निघून जातात. थोड्या वेळाने ते परत येतात, या वेळी एकटे, मागच्या दाराने.

महाराज : दोरा बांधलो की अक्का. देव बघतंय सगळं.
आई : होय महाराज.
महाराज : (आवाज खाली आणून) रिक्षाला पैसे हायत का तुझ्याकडं?
आई : आत्ता? तुम्हीच म्हणला की, पहाटेपर्यंत हलवू नको.
महाराज : हे घे. सिव्हिलला ने. लगेच ने. मी पाठवलो म्हणून कुणाला सांगू नको.

या पाच संवादांत महाराज आयुष्यातले बहुधा सर्वांत चांगले काम करतात, आणि नेमके तेच काम ते लबाड असल्याचा पुरावा आहे, कारण आपल्या दोऱ्याने विष उतरत नाही हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होते. पैसे दिले नसते तर ते केवळ अडाणी ठरले असते. चांगले आणि वाईट यांमधली रेघ पुसट होते म्हणजे काय, हे पात्रांना तत्त्वज्ञान बोलायला लावून दाखवता येत नाही. एकच कृती दोन्ही बाजूंनी खरी ठरेल असा प्रसंग शोधावा लागतो, आणि लेखनातला सर्वाधिक वेळ त्या शोधाला द्यावा.

सिव्हिलच्या बाकावर बसलेली आई आता देवाशी बोलते: "रोज दिवा लावले तुला. डोळे मिटूनच बसलास की रे. पोरगं उठेपर्यंत तुझ्यापुढं अंधारच राहणार." ही निंदा आहे, आणि ती तिला शोभते, कारण तिची विडी वळून चिरलेली बोटे त्याआधी अर्धा तास रंगमंचावर दिसलेली आहेत. येथे देवाकडून उत्तर देवविण्याचा मोह टाळावा. घंटा आपोआप वाजणे, दिवा आपोआप पेटणे किंवा त्याच क्षणी डॉक्टर हसत बाहेर येणे यांपैकी काहीही घडले तर तिचे भांडण खोटे पडते आणि तुमचेही. मूल वाचल्यावर त्याच्या मनगटावरचा दोरा आईने कापावा की ठेवावा, हे मात्र तालमीत नटांबरोबर बसून ठरवावे. माझे मत ठेवावा असे आहे, कारण मग श्रेय औषधाचे की दोऱ्याचे यावर वसाहतीत वाद होईल आणि महाराजांना त्या वादात गप्प राहावे लागेल. खरे सांगितले तर दोरा संपतो, आणि दोरा संपला की पन्नास मुलांचे जेवणही.

पात्रांना केवळ काळे किंवा पांढरे रंगवण्याची सवय मोडत नसेल, तर घरातल्याच सणांकडे पाहावे. बळीला पाताळात घालणारा वामन हा विष्णूचा अवतार मानणारी घरे बलिप्रतिपदेला "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" असे म्हणतात, आणि त्यात कोणालाही पाखंड वाटत नाही. ज्या समाजाने देव आणि देवाने हरवलेला राजा या दोघांनाही मनात जागा दिली, त्याच्यापुढे गुंतागुंतीचे पात्र मांडायला भिण्याचे कारण नाही.

सोलापूरसाठी एक गोष्ट वेगळी सांगावी लागते, ती भाषेची. येथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात, आणि पात्राने तोंड उघडताच त्याचा समाज प्रेक्षकाला कळतो. भोंदू पात्राला एक बोली आणि त्याला उघडे पाडणाऱ्या पात्राला दुसरी बोली दिली, तर तुमच्या मनात काही नसतानाही एका समाजावर शिक्का बसतो. म्हणून फसवणारा आणि त्याला ओळखणारा, दोघांच्या तोंडी एकच भाषा द्यावी. शक्यतो ज्या धर्मात, ज्या पंथात आपण वाढलो त्याच्याच अंगणात लिहावे. शेजारच्या धर्माबद्दल लिहायचेच असेल तर त्या धर्मातला सहलेखक पहिल्या खर्ड्यापासून सोबत असावा. एकनाथांच्या हिंदू-तुर्क संवादात दोन्ही बाजूंना एकमेकांचे दोष तितक्याच धारदारपणे काढू दिले आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. रंगमंचावर प्रत्यक्ष पूजेतल्या वस्तू आणू नयेत. नंदीध्वज, शिवलिंग, मोहरमचे पंजे यांची नक्कल करून मिळणारे हसू स्वस्त असते, आणि दोरा, सतरंजी, दानपेटीवर चिकटवलेला क्यूआर कोड एवढ्यावर काम भागते. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतला अक्षता सोहळा हजारो लोकांच्या जिव्हाळ्याचा आहे. त्याची नक्कल करून महाराजांबद्दल नवे काहीच सांगता येत नाही.

कायदा नीट समजून घ्यावा, कारण ऐकीव माहितीमुळे लेखक एकतर नको तितके घाबरतात किंवा नको तितके बिनधास्त राहतात. धार्मिक भावना दुखावण्याबाबतचे कलम 295-अ भारतीय दंड संहितेत 1927 साली आले. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम 299 आहे आणि शिक्षा 3 वर्षांपर्यंत आहे. या कलमाचा गाभा "जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने" हा आहे. 1957 साली रामजी लाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवताना सांगितले की धर्माचा प्रत्येक अवमान त्यात येत नाही, दुष्ट हेतूने केलेला गंभीर अवमान येतो. 2017 साली महेंद्रसिंग धोनी यांना विष्णूच्या रूपात दाखवणाऱ्या मासिकाच्या मुखपृष्ठावरून झालेली तक्रार रद्द करतानाही हेतूचाच निकष लावला गेला. याखेरीज समाजांत वैर वाढवण्याबाबतचे कलम 196 आणि श्रद्धा दुखावण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांबाबतचे कलम 302 लेखकाने स्वतः वाचावे. हेतू सिद्ध करण्याची वेळ आलीच तर तुमचे कागद बोलतात, म्हणून प्रत्येक खर्डा तारीख घालून जपून ठेवावा आणि एखादे वाक्य का बदलले याची नोंद समासात करावी. महाराजांच्या प्रसंगासाठी 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही वाचावा. साप चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र किंवा गंडेदोरे करणे हा त्यात गुन्हा आहे, तर कीर्तन, प्रवचन, यात्रा, प्रदक्षिणा अशा गोष्टी त्यातून स्पष्टपणे वगळलेल्या आहेत. महाराज रेघेच्या कोणत्या बाजूला आणि किती वेळ उभे होते, हे त्या वाचनाने तुम्हाला अचूक लिहिता येईल.

संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे वेळेत पाठवावी आणि प्रयोग मंजूर संहितेप्रमाणेच करावा. टाळ्या मिळू लागल्या की नट पदरची वाक्ये घालतात, आणि बहुतेक अनर्थ अशाच वाक्यांनी होतात, म्हणून या प्रयोगात त्यांना सक्त मनाई असावी. आज प्रेक्षागृहातले वीस सेकंदांचे चित्रीकरण संदर्भ सोडून गावभर फिरू शकते. तालमीत कोणताही वीस सेकंदांचा तुकडा वेगळा काढून पाहावा आणि त्यातला बोलणारा पात्र म्हणून ओळखू येतो की लेखकाचा प्रवक्ता वाटतो, हे तपासावे.

प्रयोगाआधी किमान एक वाचन श्रद्धाळू माणसांसमोर करावे. एखादे कीर्तनकार, विडी वळणाऱ्या दोघी-तिघी, मशिदीत नियमाने जाणारे एखादे निवृत्त शिक्षक, असे श्रोते मित्रमंडळींपेक्षा कितीतरी उपयोगाचे असतात. वाचनानंतर त्यांना दोनच गोष्टी विचाराव्यात: कोठे दुखले, आणि कोठे आपणच सापडलो असे वाटले? पहिल्या उत्तरातले वाक्य पुन्हा तपासावे, आणि त्याचे नाटकात काही काम नसेल तर ते काढून टाकावे. दुसऱ्या उत्तरातले वाक्य मात्र कोणाच्याही आग्रहाने काढू नये.

प्रयोगानंतर कोणी नाराज होऊन भेटायला आले, तर नटांना पुढे करू नये. लेखकाने स्वतः बसावे, येणाऱ्याला खुर्ची आणि चहा द्यावा, पूर्ण संहिता हातात द्यावी आणि त्यांचे म्हणणे मध्ये न बोलता ऐकावे. पुढच्या प्रयोगाआधी कोणते वाक्य बदलले आणि कोणते ठेवले, हे कारणासह त्यांना लेखी कळवावे, आणि त्या प्रयोगाच्या पहिल्या रांगेतल्या जागेचे आमंत्रण त्याच पत्रात द्यावे.