मुलाला आवाज ऐकू येतात? घरात होणाऱ्या या चुका टाळा

"आई, शेजारचे भिंतीआडून मला शिव्या देतायत." सतरा वर्षांचा मुलगा रात्री दोनला उठून हे सांगतो, तेव्हा त्याला बहुतेक घरांत उत्तर मिळतं, "कुणी काही बोलत नाहीये, झोप गपचूप." स्किझोफ्रेनियासारखे, भास आणि संशय निर्माण करणारे मनाचे आजार पुष्कळदा याच वयात, दहावी-बारावी ते कॉलेजच्या वर्षांत डोकं वर काढतात.

त्याला पटवायला जाऊ नका. आवाज त्याला खरोखर ऐकू येतो. तुमच्या युक्तिवादाने तो बंद होत नाही, फक्त तुम्हीही 'त्यांच्यातले' ठरता. उलट टोकाला जाऊन "हो, मीही ऐकलं" म्हणणंही तितकंच घातक. "मला ऐकू येत नाही, पण तू घाबरलायस हे दिसतंय. दिवा लावू का? मी इथेच बसते," एवढं पुरे. भीती खरी असते, तिलाच उत्तर द्या.

गोळी गुपचूप आमटीत मिसळणं ही चूक तर अगदी मायेपोटी होते. पण 'माझ्या जेवणात काहीतरी कालवतात' असा संशय असलेल्या मुलाला एक दिवस ताटात अर्धवट विरघळलेली गोळी दिसते आणि त्याचा संशय खरा ठरतो. मग तो जेवणही सोडतो. गोळी घेत नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. तोंडात विरघळणाऱ्या गोळ्या असतात, काही औषधांची महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनंही मिळतात.

आता दुष्परिणामांबद्दल, कारण औषध सुटतं ते बहुधा इथेच. नवीन औषध सुरू झालं किंवा डोस वाढला की काही मुलांना एका जागी बसवत नाही. हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून गॅलरीत, पुन्हा हॉलमध्ये अशा येरझाऱ्या चालू राहतात, पाय स्वस्थ राहत नाहीत. घरचे म्हणतात, "औषधाने आणखी बिघडला," आणि गोळ्यांची पट्टी फेकून देतात. ही औषधाची ठाऊक असलेली प्रतिक्रिया आहे. डोस कमी करून किंवा दुसरी गोळी देऊन डॉक्टरांना ती आवरता येते. कधी मान एका बाजूला वळून अडकते, डोळे वर चढतात. पाहणाऱ्याला वाटतं, अंगात आलं! अशा वेळी मांत्रिकाकडे नाही, थेट दवाखान्यात न्यायचं आणि चालू औषधांची चिठ्ठी दाखवायची. योग्य इंजेक्शनने हे बहुधा काही मिनिटांत उतरतं. जास्त झोप, वजन वाढणं हे तर नेहमीचंच. त्याला 'आळशीपणा' म्हणून टोमणे मारू नका.

नवस बोला, देवदर्शन करा, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र अंगारे-गंडेदोरे करण्यात उपचारांचे महिने घालवू नका. आणि साखळीने बांधून ठेवायला कुणी सांगितलं तर मुलाला घेऊन तिथून निघा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांत साखळीला पूर्ण बंदी आहे.

बरं वाटायला लागलं की गोळ्या बंद करण्याचा मोह होतो. आवाज थांबलेत ते गोळ्यांमुळे. पहिल्या झटक्यानंतरही साधारण एक-दोन वर्षं औषध चालू ठेवायला सांगतात. थांबवायचंच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. "लग्न लावून द्या, ठीक होईल," म्हणणाऱ्या मामा-काकांना चहा पाजून वाटेला लावा.

गांजा ओढत असेल तर तेही डॉक्टरांपासून लपवू नका. गांजाने हे आजार उफाळून येतात.

"आवाज मला मर म्हणतात," असं तो म्हणाला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" हे सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याला एकटं सोडू नका. सगळी औषधं, शेतावरची कीटकनाशकं आणि धारदार वस्तू कुलपात टाका. मध्यरात्री कुणाशी बोलावं सुचत नसेल तर टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जिवाला धोका दिसला तर 108 ला फोन करा किंवा सरळ जवळच्या रुग्णालयात न्या.