कारखान्यात शाफ्टची यूटी करायला निघताना

पावसाळा लागला की निपाणी, चिकोडी, अथणी, संकेश्वर पट्ट्यातल्या साखर कारखान्यांत ऑफ सीझनची कामं निघतात, मिलचे ऊस पिळणारे रोलर काढून यार्डात मांडतात आणि मग त्यांच्या शाफ्टची अल्ट्रासॉनिक, म्हणजेच यूटी, स्टीलमध्ये आवाज सोडून परत येणाऱ्या इकोवरनं आतली क्रॅक शोधायची तपासणी, करायला या म्हणून फोन सुरू होतात. नवीन पोरं लगेच मशीन अन् प्रोब, म्हणजे आवाज सोडणारा आणि ऐकणारा तुकडा, बॅगेत भरतात. माझं म्हणणं, मशीन नंतर, आधी ड्रॉइंग मागा, फोनवरच मागा. बऱ्याचदा ते सापडत नाही, तेव्हा लांब टेप आणि मोठा कॅलिपर घेऊन चला आणि तिथं स्वतः स्केच काढा, जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये बसणारा भाग, कुठं संपतंय, शेल, म्हणजे शाफ्टवर चढवलेलं कवच, कुठनं कुठवर बसलंय, की-वे, म्हणजे चावीची खाच, कुठं थांबतोय, एकूण लांबी किती, सगळं दोन्ही टोकांकडनं मोजून.

एवढं का, तर शाफ्ट एंड फेसवरून, म्हणजे टोकाच्या सपाट तोंडावरून, तपासायचा असतो, क्रॅक आडवी जाते म्हणून. शेलवरून काही दिसत नाही, ते कास्ट आयर्नचं, आवाज त्यातच मरतो. आता फेसवर प्रोब ठेवला की पलीकडच्या बाजूचा शोल्डर, जिथं जाड शाफ्ट बारीक होतोय, तो स्क्रीनवर इको देणारच, ती क्रॅक नव्हे. पण आपल्या बाजूचा शोल्डर, जिथं बारीकचा जाड होतोय, तिथं आवाज परतवायला काही नसतंय, म्हणून त्या अंतरावर इको आला तर थांबा, फिलेटमध्ये, म्हणजे शोल्डरच्या गोलसर कोपऱ्यात, क्रॅक असू शकते. आणि लांबच्या फिलेटमधली क्रॅक शोल्डरच्या इकोत लपते, त्यामुळं दोन्ही टोकांनी तपासायचंच, स्क्वेअर एंडवरचं, म्हणजे चौकोनी टोकावरचं, कपलिंग आधी उतरवून ठेवा म्हणून कारखान्याला सांगून ठेवा, नाहीतर अर्धा दिवस क्रेनची वाट बघत बसायचं.

स्टीलमधला आवाजाचा वेग ५९२० मीटर प्रति सेकंद सेट करून सगळे मोकळे होतात. ४ मीटरच्या शाफ्टला वेगात अर्धा टक्का फरक पडला तरी अंतर २० मिमीनं सरकतंय बघा, आणि २० मिमीत शोल्डरची क्रॅक अन् क्रॅकचा शोल्डर होतोय. म्हणून व्ही१ ब्लॉकवर, म्हणजे ठरलेल्या मापाच्या स्टीलच्या ठोकळ्यावर, कॅलिब्रेशन करा, पण शाफ्टवर गेल्यावर टेपनं मोजलेली लांबी आणि बॅकवॉल, म्हणजे पलीकडच्या टोकाचा, इको जुळवून वेग परत सुधारा.

प्रोब २ मेगाहर्ट्झ, २४ मिमीचा नॉर्मल, म्हणजे सरळ आत आवाज सोडणारा, हा मुख्य. स्टीलचा दाणा जाड असला आणि बॅकवॉल येईना तर १ मेगाहर्ट्झचा पण पाहिजे, जर्नलवरनं बघायला ४५ आणि ६० डिग्रीचे अँगल प्रोब. केबल जादा घ्या, कनेक्टरपाशी तीच पहिली तुटते. बॅटरी रात्रीच फुल चार्ज, यार्डात लाईटचा भरवसा धरू नका.

फेस साफ करायला ग्राइंडर, फ्लॅप व्हील, एमरी, चिंध्या. रंग, गंज, मळीचा चिकटा आणि घणानं ठोकून उठलेली बर, म्हणजे वर आलेली कड, हे सगळं काढायला लागतंय, पंच केलेले नंबर तेवढे खोडू नका, रिपोर्टला तेच लागतात. मधोमध सेंटर होल असतंय आणि क्रॅक तर बाहेरून आत येते, तेव्हा प्रोब कडेकडेनं फिरवायचा. प्रोब आणि फेसच्या मध्ये लावायला ग्रीस चालतं, सीएमसी पावडरची खळ पण चालते, पण पावसात खळ वाहून जाते म्हणून ग्रीसचा डबा बरा. रोलर लाकडी पाचरांवर नीट अडवलाय का ते स्वतः बघितल्याशिवाय जवळ बसू नका, फिटरला कन्नडमध्ये विचारलं तर तो आपणहून आणखी एक पाचर ठोकून देतोय.

मागच्या वर्षीचा रिपोर्ट असेल तर फोटोसकट मागवा, इंडिकेशन, म्हणजे संशयी इको, वाढलंय का जागच्या जागी आहे यावर निम्मा निर्णय असतो. आणि रिजेक्ट कशाला म्हणायचं ते निघायच्या आधी लेखी ठरवून घ्या. एएसटीएम ए ३८८ या अमेरिकन स्टँडर्डमध्ये तपासायची पद्धत आहे, पण चालेल-न चालेल ही हद्द गिऱ्हाइकानं ठरवायची असते. नाहीतर इंजिनिअर साहेब शेजारी उभे राहून विचारणार, 'चालतंय काय तेवढं सांगा की वो', आणि गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू व्हायचं असतंय, म्हणून 'चालतंय' हेच ऐकायचं असतंय त्यांना. तिथं तोंडी काही बोलायचं नाही, फेसवर खडूनं खूण, अंतर, गेन, म्हणजे मशीननं इको किती वाढवून दाखवला तो आकडा, लिहायचा, फोटो काढायचा, आणि उत्तर रिपोर्टमध्येच द्यायचं.