कामाच्या प्रवासात पाय सुजायचे, ते असं थांबलं

कामासाठी सारखं विमानाने जावं लागतं, आणि उतरल्यावर बूट घट्ट, मिटिंगभर पाय जड. डॉक्टर म्हणाले, तासन्‌तास बसलं की पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलत नाहीत, ते खालीच साचतं, ४ तासांपेक्षा लांब प्रवासात तर गुठळीचा धोकाही वाढतो. मग मधल्या वाटेकडेची सीट घ्यायला लागलो, अधूनमधून उठून फेरी, बसल्या बसल्या टाचा वर-खाली, शिवाय गुडघ्याखालपर्यंतचे कम्प्रेशन सॉक्स, म्हणजे पाय दाबून धरणारे घट्ट मोजे (मापाचेच घ्या हं, वरची कड रुतली तर उलटा त्रास). पाणीही घोट घोट चालूच. आता सूज जवळपास नसतेच. पण एकाच पायाची पोटरी सुजून दुखली तर सॉक्सच्या भरवशावर राहू नका, लगेच डॉक्टर गाठा, आणि सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सीत जा.