आपण काढलेली छायाचित्रे गोव्यातल्या घराच्या भिंतीवर लावताना

मोठी करून घेतलेली माझी सात छायाचित्रे चार वर्षे कपाटात नळीत गुंडाळून पडली होती, आणि त्यामागे एक कटू अनुभव होता. चवथीला म्हणजे गणेश चतुर्थीला, गणपतीवर फळाफुलांनी सजवून टांगलेल्या माटोळीखाली बसलेल्या आजीचे छायाचित्र मी पूर्वी एकदा फ्रेम करून घेतले होते. कारागिराने ते थेट काचेला टेकवून मागून पुठ्ठा ठोकला, आणि दोन पावसाळ्यांत ते काचेला असे चिकटले की सोडवताना आजीच्या गालावरचा थर काचेवरच राहिला. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्यामुळे इथे फ्रेम करताना पहिला विचार ओलाव्याचा करावा लागतो: छायाचित्र आणि काच यांच्यामध्ये, तसेच फ्रेम आणि भिंत यांच्यामध्ये हवेला जागा राहिली पाहिजे.

सगळे काम डिसेंबर ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत उरकावे, कारण पावसाळ्यात बंद केलेल्या फ्रेममध्ये ओलावाही बंद होतो आणि मग बुरशीचे ठिपके उमटतात. छायाचित्र किती मोठे करायचे हे आधी पिक्सेलवरून ठरवावे. १२×१८ इंचांसाठी इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने ३६००×५४०० पिक्सेल लागतात. भिंतीवरचे छायाचित्र लांबून पाहिले जात असल्याने २०० पिक्सेलही चालतात. कागद मॅट घ्यावा, कारण बाल्कांवातून, म्हणजे घरापुढच्या बैठकीच्या ओसरीतून, येणारा उजेड चकचकीत कागदावर फार परावर्तित होतो.

छायाचित्र आणि काच यांच्यातले अंतर राखण्याचे काम माउंट बोर्ड, म्हणजे छायाचित्राभोवती बसणारा खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, करतो, म्हणून त्यात काटकसर करू नये आणि तो आम्लरहितच मागावा; साध्या पुठ्ठ्याने कागदाच्या कडा काही वर्षांत पिवळ्या पडतात. १२×१८ च्या छायाचित्रासाठी माउंटची खिडकी ११.५×१७.५ इंच कापून घेतली, तर कडा चारही बाजूंनी पाव इंच झाकल्या जातात, आणि बाहेरचे माप १८×२४ ठेवले की सगळीकडे सव्वातीन इंचांची पट्टी उरते. छायाचित्र मागच्या बोर्डाला फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी आम्लरहित कागदी टेपने टांगावे. कागद हवेप्रमाणे फुगतो आणि आकसतो, त्यामुळे चारही बाजूंनी चिकटवलेला कागद पहिल्याच पावसात लाटांसारखा उठतो. सेलोटेप आणि फेव्हिकॉल इथे अजिबात वापरू नयेत.

फ्रेम सागवानाची असल्यास वाळवीची धास्ती कमी राहते. स्वस्त लाकडाची असेल तर मागच्या कच्च्या बाजूलाही वार्निशचा हात मारून घ्यावा. काच बसवण्यापूर्वी ती आतून पूर्ण कोरडी असल्याची खात्री करावी. फ्रेम बंद केल्यावर मागची फट कागदी टेपने बुजवावी, म्हणजे कसर आत शिरत नाही, आणि खालच्या दोन कोपऱ्यांवर रबरी बटणे चिकटवावीत. या बटणांमुळे फ्रेम भिंतीपासून किंचित दूर राहते आणि मागे हवा खेळते. सगळ्या सामानात सर्वांत स्वस्त वस्तू हीच, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची.

भिंत निवडताना पावसाचा मारा झेलणारी नैर्ऋत्येकडची बाहेरची भिंत टाळावी आणि घरातली मधली भिंत घ्यावी. जुन्या चिरेबंदी घरात ड्रिल करताना विशेष जपावे लागते, कारण चिरा म्हणजे जांभा दगड सच्छिद्र असतो आणि ड्रिलच्या हातोडी गतीने त्याच्या कडा ढासळतात. ती गती बंद ठेवून ६ मिलिमीटरचे बिट सावकाश फिरवावे. आतून तांबडी भुकटी एकसारखी येत राहिली तर आपण चिऱ्यात आहोत. बिट अचानक आत धसले तर तो मातीचा सांधा असतो, आणि तिथे स्क्रूसाठी भोकात बसवायचा प्लग धरत नसल्याने भोक चार इंच बाजूला घ्यावे. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नये, कारण वायरी बहुधा त्याच रेषेत गेलेल्या असतात. समुद्राजवळच्या घरात स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. साधे स्क्रू गंजून भिंतीवर तांबडे ओघळ उतरतात.

उंचीचा हिशेब असा करावा. चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर धरला आणि आडवी फ्रेम बाहेरून २० इंच उंच असली, तर तिची वरची कड ६८ इंचांवर येते. मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून ३ इंच खाली राहत असेल तर हूक ६५ इंचांवर बसतो. तारेची कडी वरच्या कडेपासून उंचीच्या एक-तृतीयांशावर लावावी, आणि एकाऐवजी दोन हूक घ्यावेत, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने फ्रेम तिरकी होत नाही.

दरवर्षी चवथीपूर्वी घर साफ करताना फ्रेम उतरवून मागची बाजू कोरड्या फडक्याने पुसावी आणि टेप सुटली आहे का ते पाहावे. मागच्या बोर्डावर छायाचित्र कधी आणि कुठे काढले ते पेन्सिलने लिहून ठेवावे. आजीच्या छायाचित्राची मूळ फाइल सुदैवाने माझ्याकडे होती. ते पुन्हा छापून घेतले आहे, आणि आता त्याच्या आणि काचेच्या मध्ये माउंटची जाडी आहे.